वाकडा जोड

विस्कॉन्सिनमधल्या गोदीच्या कुंपणाबाहेर खुर्च्या टाकून बसणाऱ्या पेन्शनर क्रेनवेड्यांचा नियम एकच: रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या क्रेनचा आडवा हात वर जाण्याआधी ती बनल्याचं साल ओळखायचं, चुकेल त्याने शुक्रवारी सगळ्यांना मासे चारायचे. नॉर्बर्ट बारा वर्षांत चुकला नव्हता. “ब्याऐंशीची,” आज समोर उभ्या क्रेनकडे बघून तो ठासून म्हणाला. दुर्बिणीतून तिच्या आडव्या हाताचं टोक निरखत नवखी लाव्हॉन म्हणाली, “सत्याऐंशीची.” “बाई, तुम्ही आपला स्वेटर विणा!” सगळे खिदळले. लाव्हॉन मुकादमाला विचारून आत गेली, नॉर्बर्टही मागोमाग. तिने टोकाच्या नळीवरची धूळ पुसली. वाकड्या जोडाशेजारी वेल्डरचा ठोकलेला नंबर होता: सत्तेचाळीस. “क्रेनच्या कारखान्यात हा नंबर माझा. सत्याऐंशीत कामाला लागले, हा पहिलाच जोड. हात अजून बसला नव्हता हो!” नॉर्बर्टने टोपी काढली आणि कुंपणाबाहेरच्यांना ओरडून सांगितलं, “मासे माझ्याकडून. पोरांनो, खुर्च्या सोडा, उभे राहा!” इंजिन धडधडलं आणि वाकडा जोड आभाळाला भिडला.