मोरपिशी

डोळ्याची पट्टी निघाली, तसे भास्करराव थेट रंगशाळेत गेले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्वतः रंगवलेली पैठणीच्या रेशमाची लडी त्यांनी उजेडात धरली आणि चरकले. मोरपिशी रंगवलेली लडी निळीत बुचकळून काढल्यासारखी दिसत होती.

त्यांनी नवी लेन्स बसवलेला उजवा डोळा तळहाताने झाकला. डाव्या, मोतीबिंदूच्या डोळ्याला लडी पुन्हा मोरपिशी दिसली. हात काढला, की निळीभोर.

तीन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ मुरली इथेच उभा राहून म्हणाला होता, "दादा, निळा फार पडतोय. एकदा डोळे दाखवून घ्या."

"तू मला रंग शिकवणार?" म्हणत त्यांनी ओली लडी त्याच्या तोंडावर फेकली होती. हातात एवढी कला असलेला मुरली तेव्हापासून नाशकात वॉचमनकी करत होता.

"अहो, दवाखान्यातून फोन आलाय," बायको दारात आली. "डाव्या डोळ्याचं सोमवारी करायचं का, विचारतायत."

भास्कररावांनी उजवा डोळा पुन्हा गच्च झाकून घेतला. लडी कशी छान मोरपिशी दिसत होती.

"नको म्हणून सांग," ते म्हणाले. "त्या डोळ्याला काही झालेलं नाही."