जायफळ जरा जास्त

ओव्हनचं दार उघडलं तसा करपट, गोडसर धूर स्वयंपाकघरभर पसरला आणि आसावरीने आधी स्मोक अलार्मखाली टॉवेल फडकवला. बाबा फिरायला गेले होते हे खरं, पण अलार्म वाजला असता तर शेजारच्या डोरोथीने त्यांना वाटेत गाठून सांगितलंच असतं. डोरोथीच्या पोटात काही राहायचं नाही.

ट्रेमधले डँडेलायनच्या, म्हणजे लॉनवर माजणाऱ्या पिवळ्या फुलांच्या तणाच्या, मुळांचे तुकडे चॉकलेटी झाले होते. लवकर काढले तर मातीची चव, उशीर झाला तर नुसता कोळसा. मधली वेळ नाकालाच कळायची. मग मिक्सर, चाळणी, थोडी भाजलेली चिकोरी, आणि ती सगळी पावडर गुपचूप बाबांच्या कॉफीच्या डब्यात.

बाबा म्हणजे तिचे सासरे, जगन्नाथराव. एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी पुण्याहून अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला आले आणि मे उजाडतो न उजाडतो तोच छातीत धडधडतंय म्हणून हॉस्पिटलात राहून आले. हृदयाचे ठोके ताल सोडून पडत होते. डॉक्टरने कॉफी साफ बंद केली. बाबांनी त्याच्यासमोर शहाण्यासारखी मान डोलावली आणि गाडीत बसल्याबरोबर जाहीर केलं, "कॉफी बंद करायची असेल तर माझं तिकीट अलीकडचं करा."

"बाबा, प्लीज यार, हार्टचा प्रश्न आहे," शंतनू म्हणाला.

"हार्ट माझं आहे."

कॅफिन काढलेल्या डिकॅफचा एक घोट घेऊन त्यांनी अख्खा कप सिंकमध्ये उपडा केला. शंतनूने हात टेकले. ही मुळं भाजून दळली की बिनकॅफिनची कॉफी होते, हे आसावरीला ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून कळलं. सगळ्या गल्लीत लॉनवर औषध न मारणारी एकटी डोरोथीच. तिचं अंगण पिवळ्या फुलांनी भरलेलं असायचं आणि त्यावरून सगळे नाकं मुरडायचे. कोणीतरी खुरपं घेऊन मुळं मागायला आलंय म्हटल्यावर तिला कृतार्थ वाटलं. "टेक देम ऑल, हनी," ती म्हणाली.

सकाळची कॉफी बाबा स्वतः करायचे. पहिल्या दिवशी ते नव्या पावडरची कॉफी करत असताना आसावरी भांडी पुसण्याच्या निमित्ताने तिथेच घुटमळली. बाबांनी घोट घेतला. खिडकीतून डोरोथीच्या उकरलेल्या अंगणाकडे पाहिलं.

"जायफळ जरा जास्त हवं," ते म्हणाले, आणि कप संपवला.

तिला तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यानंतरच्या तपासणीत ठोके सुधारले होते. त्याच्या पुढच्या तपासणीत एकदम सरळ. गाडीत शंतनूने तिचा हात घट्ट धरला. बाबांचा डबा भराभर संपायचा. दुपारीही एखादा कप होत असणार, असं तिला वाटायचं आणि बरंच वाटायचं. माणूस आवडीने पितोय, अजून काय पाहिजे? दर शनिवारी ती खुरपं घेऊन डोरोथीकडे हजर.

बाबांना मुळं पाजून आपण खरी कॉफी कशी प्यायची, म्हणून तिने त्यांच्यासमोर कॉफी सोडली होती. त्यांच्यासमोर चहा. पण ते फिरायला गेले की मसूर डाळीच्या बरणीमागून एक डबा निघायचा. त्यात पुण्याहून मागवलेली खरी कॉफी. भरपूर जायफळ घालून एक मोठा मग, आणि ऑफिसला जायच्या आधी घाईघाईत दुसरा.

जूनमध्ये तिला दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी कॉफी जपून घ्यायला बजावलं होतं. मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात जे झालं ते तिला दुसऱ्यांदा सोसवलं नसतं. म्हणून या वेळी तीन महिने उलटेपर्यंत बाबांनासुद्धा सांगायचं नाही असं ठरलं. रोज ती आजचा हा शेवटचा मग म्हणून भरायची, रोज अपराधी मनाने प्यायची, आणि शंतनूला कळू नये म्हणून लगेच विसळून ठेवायची.

त्याच सुमाराला तिचं डोकं असं चढलं की दोन-तीन दिवस उजेड सहन होईना. बाबांनी वाटीत तेल कोमट करून आणलं, टाळूवर थापलं, आणि काही न विचारता पडदे ओढून घेतले. या दिवसांत असं होतं, असं तिने स्वतःला समजावलं. तोंडाची चवही बदलली होती, कॉफीसुद्धा पहिल्यासारखी लागत नव्हती. तरी सुटली नाही. डबा मात्र लवकर तळाला जात नव्हता. चला, निदान कमी तरी होतेय, म्हणून तिला थोडा दिलासा वाटायचा.

आणि या वेळी सगळं नीट चाललं. ऑगस्टमध्ये बातमी सांगितली तेव्हा बाबा नुसतं "देवाची कृपा" म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

ऑक्टोबरात डेट्रॉइटच्या विमानतळावर शंतनू बॅगा वजनकाट्यावर चढवत होता. एका बॅगेत त्या पावडरचा मोठा डबा होता, बाबांनी हट्टाने मागून घेतलेला. आता सांगायलाच हवं होतं. आसावरी पोटावर हात ठेवून त्यांच्याजवळ गेली.

"बाबा, ती कॉफी आहे ना..."

"मुळं आहेत," बाबा म्हणाले. "पहिल्या घोटालाच कळलं. खरी कॉफी कधी लपते का?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू गुडघे टेकून चिखलात खणत होतीस माझ्यासाठी. माझ्या आईनंतर एवढं कोणी केलं नव्हतं माझ्याकरता. उपकार आहेत तुझे, बाई."

तिचे डोळे भरून आले. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खांद्यावरची पिशवी सावरली.

"आता तो डबा भरायचं तेवढं तुझं तू बघ."

"कुठला डबा?"

"मसूर डाळीमागचा," बाबा म्हणाले. "जूनपासून तो मी माझ्याच डब्यातनं भरत होतो."