न उघडलेलं झाकण

"झाकण कुणी उघडायचं नाही," गिऱ्हाईक म्हणून आलेल्या सुहासिनीबाई म्हणाल्या आणि आपल्या कारखान्यातून आणलेला कॉम्प्युटर त्यांनी नारायण पेठेतल्या यज्ञेश्वरसरांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात टेबलावर ठेवून घेतला.

उल्काने मान डोलावली. तिच्या प्रोग्रामचा दावाच तो होता. कॉम्प्युटरच्या पोटात कुठले भाग आहेत हे तो आपला आपण चाचपणार आणि तेवढ्याच भागांपुरता लिनक्सचा कर्नल, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ गाभा, बेतून देणार. आजवर हे काम ऑफिसातले जुने गोपाळकृष्ण हाताने करत. झाकण काढायचं, एकेक कार्ड न्याहाळून लिहून घ्यायचं. एका कॉम्प्युटरला दीड दिवस. कारखान्यात होते दोनशे दहा.

ही ऑर्डर मिळाली तरच उल्काची नोकरी टिकणार होती. बाळंतपणाच्या रजेवरून ती परतली त्याच दिवशी यज्ञेश्वरसरांनी तसं सांगितलं होतं, तेही चहा पाजून. गेला आठवडा तान्ह्या ओवीच्या तापात गेला होता, प्रोग्रामला हात लावायला वेळच मिळाला नव्हता. या कॉम्प्युटरचं मॉडेल तेवढं तिने फोनवर विचारून ठेवलं होतं आणि त्यात काय काय असतं ते गोपाळकृष्णांकडून लिहून घेतलं होतं. पडताळायला बरं, म्हणाली होती.

आता दूध दाटून आलं होतं. ओढणी सारखी करून तिने एंटर दाबलं.

पडद्यावर ओळी उमटू लागल्या. डिस्क कंट्रोलर सापडला. नेटवर्क कार्ड सापडलं. साउंड कार्ड सापडलं. सुहासिनीबाई एकेक ओळ डायरीत उतरवून घेत होत्या.

गोपाळकृष्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "एक चूक नाही. चला, मी आता भाजी आणायला मोकळा."

यज्ञेश्वर हसले. उल्का हसली नाही.

कर्नल तयार व्हायला वीस मिनिटं लागली. मग कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पडदा काळा झाला, काळाच राहिला. उल्काने टेबलाची कड घट्ट धरली. आणि मग पडद्याने शांतपणे वापरणाऱ्याचं नाव विचारलं.

यज्ञेश्वरांनी चहा सांगितला, वर क्रीमरोलही. उल्काचे डोळे भरून आले. आज ओवीला घेऊन सारसबागेत जायचं, तिने ठरवूनही टाकलं.

सुहासिनीबाई अजून डायरीच वाचत होत्या. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने पर्स उघडली आणि रुमालात गुंडाळलेलं एक कार्ड टेबलावर ठेवलं.

"हे साउंड कार्ड मी आज सकाळीच काढून घेतलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या प्रोग्रामला ते आत कुठे सापडलं?"