कावीचे मोर

यमुनाबाईने तिसऱ्या मोराचा पिसारा फडक्याने पुसून टाकला आणि खिळा पुन्हा हातात घेतला.

"बरो होतो गो तो," उंबऱ्यावर बसलेली शेजारीण काशीबाई म्हणाली. "इतक्या जवळसून बघतलो कोण?"

"बघणारी बघतत."

भिंतीला आधी चुना, त्यावर तांबडी काव, आणि काव ओली आहे तोवर खिळ्याने कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. मामाच्या गावच्या देवळात लहानपणी पाहिलेली ही नक्षी. कार्तिकात तिने हात घातला, आता फाल्गुन उजाडला तरी थांबायचं नाव नव्हतं. दाराच्या चौकटीभोवती तोंडवलीच्या पुळणीवरून वेचलेले शिंपले बसले. खिडकीच्या कमानीत निळ्या बाटल्यांच्या काचा आल्या. सावंतवाडीहून लाखेच्या रंगाच्या खुंट्या आल्या, त्याही नवऱ्याच्या मागे लागून. चुन्याने बोटं फाटली की ती खोबरेल लावी आणि पुन्हा भिंतीपुढे बसे.

पाडव्याला घराची वाटणी होती. गावची रीत सरळ होती: थोरल्याने वाटे करायचे, धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरला लबाडी करत नाही आणि धाकटा कुरकुरत नाही. यमुनाबाईचा नवरा गुणाजी थोरला. त्याने घर बरोबर मधोमध वाटलं. उगवतीला तो स्वतः राहत होता, ती एक बाजू. मावळतीला धाकटा सहदेव, त्याची बायको पद्मावती आणि दोन पोरं राहत होती, ती दुसरी. धाकटं पोर सहा महिन्यांचं.

मावळतीच्या अंगणात गोड्या पाण्याची विहीर होती. समुद्राकाठी गोडं पाणी सोडून जाईल असा शहाणा अजून जन्मायचा होता. तेव्हा सहदेव आहे तिथेच राहणार, हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. यमुनाबाई आपल्या पदरात पडणारी बाजू नटवत होती, एवढंच.

"विहीर गेली म्हणान भिंतींचे लाड," काशीबाई म्हणाली.

यमुनाबाई कोरत राहिली. दार मात्र तिने सताड उघडं ठेवलं होतं.

"दार लाव गो. पद्मा येता-जाता बघता. नजर लागात."

"बघांदे."

जावाजावा, उभा दावा म्हणतात ते खोटं नाही. दोन वर्षांपूर्वी यमुनाबाईने पद्मावतीला सांगितलं होतं, माडाखाली बकरी बांधू नको, नारळ पडेल. पद्मावतीने मुद्दाम तिथेच बांधली. बकरी गेली, अबोला राहिला. एरवी मात्र यमुनाबाईने निळं लुगडं घेतलं की आठवड्याच्या आत पद्मावतीलाही निळंच लागे. माणसाचा स्वभाव आहे, त्याला औषध नाही.

गुणाजी समुद्रावरून आला की बायकोची बोटं बघून त्याचा जीव तुटायचा.

"ह्या सगळ्यान काय मेळतला गो?"

"पाडव्याच्या आधी पुरा होवक व्हया," ती म्हणायची. दुसरं उत्तर त्याला कधी मिळालं नाही.

पाडव्याच्या सकाळी परशुराम मास्तर आणि वाडीतले चार जण अंगणात बसले. दारावर शिंपले चकाकत होते, आत तांबड्या भिंतीवर पाच मोर उभे होते. आलेल्या प्रत्येकाने आधी ते पाहून घेतले.

"सहदेव, रीतीप्रमाणे तू आधी," मास्तर म्हणाले. "कुठली बाजू घेतोस?"

सहदेवाने तोंड उघडलं, पण आवाज मागून आला.

"उगवतीची," पद्मावती म्हणाली.

सहदेव गर्रकन वळला. "अगो, आणि विहीर?"

"पाणी काय कोण नाय म्हणाचा नाय. माका ती मोरांची बाजू व्हयी."

गुणाजीचा चेहरा उतरला. चार महिने रोज बघितलेली ती बोटं त्याला दिसत होती. तो उठायला लागला, तोच यमुनाबाई पदर सावरून पुढे झाली.

"रीत ती रीत. तेंनी उचलली, ती तेंची. मास्तर, कागदार लिवा. मागे बदलूचा नाय. सामान आजच हलवया."

"आयत्या बिळार नागोबा," काशीबाई पुटपुटली. पण लिहिलं ते लिहिलं. पद्मावतीने दुपारच्या आत भांडी, पेट्या, पाळणा, सगळं मोरांच्या खोलीत नेलं. इतकी खुशीत ती लग्नानंतर कधी दिसली नव्हती.

संध्याकाळी गुणाजी मावळतीच्या उघड्याबोडक्या खोलीत उभा होता. भिंती काळवंडलेल्या, खुंट्या म्हणून वाकडे खिळे. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"तुझी बोटां फाटली, आणि ता सगळा तेंका गेला. तू एक शब्द बोललंस नाय."

यमुनाबाईने कोपऱ्यातलं स्टूल ओढून खोलीच्या मध्यावर ठेवलं.

"चढा. वरच्या तुळयेक अंगठो लावन बघा."

"आता तुळयेचा काय?"

"कार्तिकात पद्मा बाजाराक गेल्ली, धाकटा पोर रडत होता म्हणान मी हय इल्लंय. तेवाच तुळयेतसून पाळण्यात भुसो पडताना माका दिसलो. मी सांगलंय आसतंय तर ती हटान हयच ऱ्हवली आसती, पोरांक घेवन."

गुणाजी स्टुलावर चढला. तुळई काळीभोर होती, सरळ होती, वरून कुठे ओरखडासुद्धा नव्हता. त्याने अंगठा टेकवला. जोर लावावा लागला नाही. अंगठा मुळापर्यंत आत गेला.