गरम झाली की बंद

दादाने पुन्हा दोरी ओढली. झाडं कापायची चेनसॉ एकदा खोकली आणि गप्प बसली. धाकट्याने प्लग बदलून पाहिला, बटणाची वायर सोडवून पाहिली. ठिणगीचा पत्ता नव्हता. आजवर ही मशीन गरम झाली की बंद पडायची आणि गार झाली की निमूट चालू व्हायची. आज ती सकाळपासून गारच होती, तरी उठत नव्हती.

"ठिणगीची कॉइल गेली," धाकटा म्हणाला. "या वेळी पुरती गेली."

"मग बदल की," दादा म्हणाला.

बदल की म्हणे! स्पेअर पार्टवाला सकाळीच फोनवर हसला होता. अहो, त्या मॉडेलचे मालकसुद्धा आता उरले नाहीत, कॉइल कुठून आणू? इतकी वर्षं धाकटा भंगारवाल्यांकडून जुन्या कॉइल उचलून आणायचा. त्या चार दिवस धड चालायच्या, मग ये रे माझ्या मागल्या. आता भंगारातही काही सापडत नव्हतं.

नवी मशीन घेऊ म्हटलं की दादा 'बघू' म्हणायचा. ही त्यांच्या वडिलांची मशीन, आणि दादाच्या लेखी तिच्यासारखी दुसरी झाली नाही, होणारही नाही. झाडं तोडून द्यायचा घरचा धंदा या एका मशीनवर चालायचा, आणि मशीन धाकट्याच्या जिवावर. दादा फांदीवर चढण्यात, दोर बांधण्यात, खोड नेमकं मोकळ्या जागी पाडण्यात पटाईत. पण मशीनच्या पोटातलं त्याला ओ की ठो कळत नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. धाकट्याने मशीन उघडली की तो शेजारी उकिडवा बसायचा आणि पान्हे पुढे करायचा. न मागता द्यायचा, तेही हवा तोच. बघून बघून सवय झाली असेल, असं धाकट्याला वाटायचं.

खिशात फोन थरथरला. धाकट्याने नाव पाहिलं आणि फोन कापला. बंदरावरच्या बोटींच्या कारखान्याचा फोरमन. मोठमोठ्या इंजिनांचं काम, राहायला खोली. अर्धं आयुष्य धाकट्याने याचीच स्वप्नं पाहिली होती. आज संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

पण हो म्हणायचं कुठल्या तोंडाने? स्वतःचं गॅरेज बुडवून तो या घरी आला, तेव्हा दादाने एका शब्दानेही का म्हणून विचारलं नव्हतं. वहिनीने मुकाट ताट वाढलं होतं. त्या माणसाला या आजारी मशीनपाशी एकटं टाकून जायचं? आणि नाही गेलं, तर जन्मभर या पत्र्याच्या शेडमध्ये हिच्या उशाशी बसायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मशीनचा त्याला कधी कधी इतका राग यायचा की उचलून विहिरीत टाकावी. आणि दुसऱ्या दिवशी तोच तिची जाळी ब्रशने घासत बसायचा.

वहिनी चहा घेऊन आली. "बंदरावरच्या साहेबांचा फोन होता ना?"

धाकटा दचकला.

"परवा ओट्यावर बसून बोलत होतात. कानावर पडलं. यांना सांगितलंय मी."

"नाही म्हणून कळवणार आहे मी त्यांना," धाकटा मशीनकडे बघत म्हणाला. "ही अशी पडलेली असताना कुठे जाऊ?"

दादाने कप खाली ठेवला आणि घरात गेला. कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला. तो परतला तेव्हा हातात बिस्किटांचा जुना डबा होता. डब्यात तेलकट फडकं, आणि फडक्यात कॉइल.

"कुठून आणलीस?"

दादाने मशीन स्वतःकडे ओढली, झाकण उतरवलं, मेलेली कॉइल सोडवली आणि डब्यातली चढवली. चाकावरचं चुंबक फिरवून तिच्यासमोर आणलं. वरच्या खिशातून एक मळकं व्हिजिटिंग कार्ड काढून नेमकी फट राहावी म्हणून कॉइल आणि चुंबकाच्या मध्ये सरकवलं, स्क्रू आवळले, मग कार्ड ओढून घेतलं. हात एकदाही अडखळला नाही. पान्हे पुढे करायचं धाकट्याला सुचलंच नाही.

झाकण लागलं. दुसऱ्या ओढीला मशीन गरजली आणि शेडचा पत्रा थरथरला. दादाने तिला चालू दिलं. ती गरम झाली, चांगलीच तापली, तरी चालत राहिली. मग त्याने बटण दाबून ती बंद केली.

"दादा, तुला हे येतं?"

"तू यायच्या आधी कोण करत होतं?"

"आणि ही कॉइल? नवी तर कुठेच मिळत नाही."

"नवी नाही. हिचीच आहे. तू आलास त्या आठवड्यात मीच काढून ठेवली. तिच्या जागी भंगारातली एक बसवली."

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. ती कप गोळा करत होती. तिलाही माहीत होतं.

"का?" त्याचा आवाज चढला.

"भिंतीकडे तोंड करून पडून असायचास. जेवायला हाका मारल्या तरी उठायचा नाहीस," दादा फडक्याला हात पुसत म्हणाला. "मशीन बंद पडली म्हटल्यावर उठलास."

"मग मी उठल्यावर परत बसवायचीस."

दादाचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो पुसत राहिला.

"रोज म्हणायचो, उद्या बसवू. बसवली की तू जाणार, हे कळत होतं मला." त्याने फडकं घडी करून रिकाम्या डब्यात ठेवलं. "आज बसवली. लाव त्यांना फोन."