पाचाला पाच मिनिटं कमी

शिपायाने शिडी लावली, काच उघडली आणि सभागृहाचं घड्याळ थांबवलं. पाचाला पाच मिनिटं कमी होती.

आमदारांनी बाकं बडवली. रिवाज जुनाच होता. बजेटची मुदत तीस जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत, आणि वेळ धरायची ती याच घड्याळाची. भिंतीवर पाच वाजत नाहीत तोवर तीस जून संपत नाही, आणि तीस जून संपत नाही तोवर बजेटला उशीरही होत नाही. गेल्या वर्षी मतदारांनी सार्वमताने कायदाच केला होता, मुदतीत बजेट मंजूर झालं नाही तर ते होईपर्यंत आमदारांचा पगार बंद, आणि बुडाला तो बुडालाच. आता घड्याळच बंद, मग पगार कसला बंद होतोय!

नोरीन टॉलिव्हर मान खाली घालून बसली होती. आमदार होण्याआधी ती शाळेची बस चालवायची. इतरांकडे वकिली होती, मळे होते. तिच्याकडे हा पगार होता आणि आईच्या वृद्धाश्रमाचा खर्च त्यातूनच भागायचा. आईला तिथली खोली फार आवडायची.

पण बजेट अडलं म्हणून सरकारी दवाखान्यांतल्या नर्स उद्यापासून बिनपगारी घरी बसणार होत्या. त्या वर सज्जात बसून सगळं बघत होत्या. त्यांच्यासाठी कुणी शिडी आणली नव्हती.

नोरीन उठली. "अध्यक्ष महाराज, घड्याळ चालू करा."

"अगं बाई, खाली बस!" शेजारचा ड्वेन पेल्हॅम कुजबुजला. "आमचं काय, आम्ही जगू. मरशील तू!"

"ठाऊक आहे मला."

अध्यक्ष हातोडा आपटत राहिले. नोरीनने स्वतः शिडी ओढली, वर चढली, मनगटावर वेळ पाहून काटा सरकवला आणि लंबकाला धक्का दिला. पाचाचे ठोके पडले. खाली शिव्या, वर टाळ्या! आयुष्यात पहिल्यांदाच तिला आमदार असल्याचा अभिमान वाटला.

बाहेर येऊन तिने आईला फोन लावला.

"आई, टीव्ही बघितलास? ती खोली आता... माझ्याकडेच राहायला येशील ना?"

"बॅग भरून दाराशी ठेवलीय."

"इतक्यात? मी आत्ता तर शिडीवरून उतरले!"

"तू चढायची वाट कोण बघतंय, पोरी? त्यांनी घड्याळ थांबवलं ना, तेव्हाच भरायला घेतली मी."