जुन्या दुर्बिणीचा भाव

"बेचना है या सिर्फ दिखाना है, सिस्टर?" काउंटरवरच्या मुनाफनं विचारलं.

"बेचना है," पॅट्रिशिया म्हणाली. पण छातीशी धरलेली पिशवी काही तिनं खाली ठेवली नाही.

आखातातल्या मीना सलमान बंदराच्या गोदामांमधलं हे दुकान तिला ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. बंदुकीवर बसवायच्या जुन्या दुर्बिणी, म्हणजे स्कोप, इथे घेतात, दुरुस्त करतात आणि विकतात.

"भाव उस्ताद बताएँगे," मुनाफ म्हणाला. "उनका हाथ लगे बिना हम कुछ नहीं लेते. आपकी तरफ के ही हैं, मराठी."

त्यानं तिला मागच्या खोलीत नेलं, दिव्याचं बटण दाबलं आणि तो काउंटरवर परत गेला.

टेबलामागे पन्नाशीचा एक माणूस पितळेची कडी पुसत बसला होता. "बसा ताई. स्टूल तुमच्या डाव्या हाताला आहे. मी शंभू. गुहागरकडचा."

मराठी ऐकून तिला बरं वाटलं. "मी पॅट्रिशिया, वसईची. इथे आम्ही सनाबिसला राहतो. स्कोप माझ्या मिस्टरांचा आहे, डॉमनिकचा."

"शिकार करतात?"

"छे हो! माशी मारत नाही तो."

डॉमनिकनं हॉटेलच्या मेंटेनन्समध्ये बावीस वर्षं काढली, ती सांगू लागली. कुलपं, पंप, एसी, काहीही त्याच्या हाताखाली आलं की चालू व्हायचं. पूर्वी दोघं माहूज भागात राहायचे तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या अहमदबाबांची चाकाची खुर्ची त्यानं दुरुस्त केली होती. बाबांनी आपल्या तरुणपणीचा हा स्कोप त्याच्या हातात ठेवला आणि तो नको नको म्हणत असताना त्याची मूठ मिटवली. तेव्हापासून डॉमनिक दर शुक्रवारी गच्चीवरून त्यातून जहाजं बघायचा. बाबा गेले, तरी स्कोप पुसताना त्यांचं नाव घ्यायचा.

शंभूनं स्कोप घेतला. नळी टेबलावर हळूच घरंगळवली आणि कान देऊन ऐकलं. मग वरची चकती एकेक टक करत फिरवली. नाकाशी धरून वास घेतला. नळीवरच्या कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा उजळला.

"नळी सरळ आहे. बुरशी नाही. आता तुम्ही यातून दाराबाहेर बघा आणि काचेवर ओरखडा दिसतो का सांगा. मालकानंच बघितलेलं बरं, मागाहून वाद नको."

तिनं बघितलं. समोरच्या गोदामावरची अरबी पाटी डोळ्यांत येऊन बसली. "एकदम स्वच्छ आहे."

शंभूनं भाव सांगितला. पॅट्रिशियाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"एवढ्या जुन्या वस्तूला?"

"जुनी आहे म्हणूनच. नव्या स्कोपात बॅटऱ्या, स्क्रीन. दोन वर्षांत त्यापेक्षा नवा येतो आणि आधीच्याला कोणी विचारत नाही. ह्यात जुनं होण्यासारखं काही नाहीच. चांगली काच, जाड नळी, आत पितळ. आणि मुख्य म्हणजे हा उघडता येतो. बिघडला तर पुसा, घट्ट करा, पुन्हा तीस वर्षं चालतो. ज्यांच्याकडे जुन्या बंदुका आहेत त्यांना त्या काळातलाच लागतो, आणि बनवणाऱ्यांनी तर बनवणं कधीच सोडलं."

तिनं स्कोप त्याच्याकडे दिला, आणि लगेच परत घेतला.

"तुम्हाला विकायचा नाहीये," शंभू म्हणाला. "दिलात आणि लगेच ओढून घेतलात."

तेव्हा ती बोलली. काचबिंदू. कळला तेव्हा उशीर झाला होता. दोन वर्षांत दोन्ही डोळे गेले, मग नोकरी गेली. आता डॉमनिक दिवसभर पलंगावर बसून असतो. पुढच्या शुक्रवारचं वसईचं तिकीट काढून घेतलंय, एकट्याचं. भावाकडे राहीन म्हणतो. तुझ्या गळ्यात धोंडा कशाला?

"सकाळी म्हणाला, तो स्कोप विकून टाक, आता तो काय आणि मी काय, दोघं सारखेच निकामी. बावीस वर्षं त्या माणसानं मला एक जड पिशवी उचलू दिली नाही हो. आणि मी त्याला धोंडा म्हणेन?" तिनं डोळे पुसले.

शंभू पुढे सरकून बसला.

"पंप उघडून जोडायचे म्हणालात ना?"

"अंधारातसुद्धा. हॉटेलची लाइट गेली की त्यालाच बोलवायचे."

"मग उद्या सकाळी त्यांना इथे घेऊन या. शेल्फभर स्कोप पडलेत आणि माझे हात दोनच. बारीक काम येणारा माणूस मी वर्षभर शोधतोय. मुनाफ मालकाचा भाचा आहे. मालक माझा शब्द मोडत नाहीत, मोठ्या मनाचे आहेत ते. माझ्या पडत्या काळात त्यांनीच मला ठेवून घेतलं."

पॅट्रिशियाला हुंदका आवरेना. ओळख ना पाळख, आणि हा माणूस असं बोलतोय. देवानंच आपल्याला इथे पाठवलं, असं तिला वाटलं. तिनं स्कोप टेबलावर ठेवला आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "थँक्यू, शंभूभाऊ. तुम्ही विचारलंत, एवढ्यानंच मी भरून पावले. पण खोटी आशा त्याला देववणार नाही मला. तुम्हाला नीट कळलं नाही बहुतेक. त्याला अंधूकसुद्धा दिसत नाही. आणि हे काचेचं काम, केसाएवढे स्क्रू. डोळ्यांशिवाय माणूस हे करणार कसं?"

शंभू हसला. स्कोप फडक्यात गुंडाळून त्यानं तिच्या आवाजाच्या दिशेनं पुढे केला.

"ताई, मला तरी कुठं दिसतंय? सात वर्षं झाली."